नायक-नायिकेच्या मध्ये उभं कोण?

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ, पैशासाठी पोरगी द्यायला निघालेला बाप आणि त्यात सापडलेली शारदा, ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असते. पण ते लग्न ऐन मांडवात मोडतं कशामुळे, असं विचारलं तर बरेच जण अडखळतात. नवरा आजोबांच्या वयाचा आहे म्हणून ते मोडत नाही. मुलगी रडते आहे म्हणूनही नाही. दोन्ही घरं सगोत्र असल्याचं उघड होतं आणि मग सगळ्यांचाच नाइलाज होतो. मुलीचं वय आणि तिची इच्छा ही त्या मांडवात चालणारी कारणं नव्हती. गोत्र हे चालणारं कारण होतं.

प्रेमाच्या विनोदी गोष्टींमधून, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास रोमकॉम म्हणतो त्यातून, समाज कसा वाचायचा याचं उत्तर या एका प्रसंगात आहे. प्रेमाकडे बघायचं नाही. प्रेम सगळ्या काळात सारखंच दिसतं: दोघं भेटतात, भांडतात, दुरावतात, पुन्हा भेटतात. हा ढाचा नाटकाकडून सिनेमाने घेतला आणि ओटीटीवरही तोच चालू आहे. बदलते ती दोघांच्या मधली अडचण, आणि ती दूर करण्यासाठी लेखकाने शोधलेली पळवाट. कधी मध्ये शपथ उभी असते, कधी बाप, कधी पैसा, कधी दहा बाय बाराची खोली, तर कधी नायिकेचं स्वतःचं मन. दर पंधरा-वीस वर्षांनी ही अडचण बदलते. ती का बदलली हे शोधायला गेलं की सिनेमाबाहेरचा एखादा कायदा, नोकऱ्यांचा बाजार किंवा जनगणनेचा तक्ता हाती लागतो.

यासाठी विनोदी सिनेमाच का, गंभीर का नाही? कारण हसण्यासाठी प्रेक्षकाला एखादा नियम आतून माहीत असावा लागतो आणि तो मोडला तर आभाळ कोसळणार नाही, इतपत धीरही असावा लागतो. नियम घट्ट असेल तर त्याची शोकांतिका होते. तो पुरता मेलेला असेल तर त्यावर कुणी हसत नाही, कारण मोडायला काही उरलेलंच नसतं. विनोद जमतो तो मधल्या काळात, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा नियम कुरकुरायला लागतो तेव्हा. म्हणून विनोदी सिनेमा समाजाच्या पुढे धावत नाही. आजी, सून आणि नातू एका रांगेत बसून कशाला हसतील, एवढंच तो अचूक हेरतो. निर्मात्याचे पैसे त्यावरच वसूल व्हायचे असतात.

हॉलिवूडचं उदाहरण थोडक्यात सांगतो. १९३४च्या मध्यापासून तिथे पडद्यावरच्या नीतिमत्तेची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी आलेल्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये लग्न न झालेल्या दोघांना एका खोलीत रात्र काढावी लागते, म्हणून नायक दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर ब्लँकेट टाकतो. सिनेमातली सगळी गंमत त्या ब्लँकेटमध्ये आहे. आज ते दृश्य नव्याने घेतलं, तर प्रेक्षक विचारतील की याने दुसरी खोली का नाही घेतली?

आता घरी येऊ. १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. शेवटी म्हातारा जीव देतो, तेव्हा कुठे ती मोकळी होते. नियम अजून इतका घट्ट होता की सुटकेला कुणाचा तरी मृत्यू लागला. त्यानंतर वर्षभरातच, १९३८ साली, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ आला. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक व्याख्यान ऐकून भारावतो, घरातल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो आणि देशसेवेच्या नावाखाली बाईमाणसापासून लांब राहायची शपथ घेतो. इथे अडचण ना बापाची, ना पैशाची. अडचण नायकाच्या डोक्यात आहे आणि ती तिथे सभागृहातून आली आहे.

त्या काळात हा विषय हवेतून आलेला नव्हता. आखाडे, व्यायामशाळा, स्वयंसेवक दलं, संयमावरची भाषणं यांनी तरुणांचं जग भरलेलं होतं. देशासाठी देह कमवायचा आणि मन मारायचं, हा त्या पिढीला रोजचा उपदेश होता. अत्र्यांनी देशसेवेची टर उडवली नाही. देशसेवेला बाईची भीती का वाटते, एवढंच विचारलं. आणि उत्तर दिलं ते किशोरीने. मीनाक्षी शिरोडकरांनी रंगवलेली ही मुलगी स्वतः पुढाकार घेते, पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरते आणि ब्रह्मचाऱ्यासमोर गाणं म्हणते. त्या पोशाखावरून केवढा गदारोळ झाला हे सगळीकडे सांगितलं जातं. मला त्या पोशाखापेक्षा दुसरी गोष्ट जास्त धाडसी वाटते: ‘मला हा आवडला, मी याला मिळवणार’ असं मुलगी ठरवते आणि सिनेमा तिला त्याची शिक्षा देत नाही. पुढे कितीतरी वर्षं मराठी नायिकेला ही मुभा परत मिळाली नाही.

पन्नासच्या दशकात मध्ये पैसा येऊन उभा राहतो. राजा परांजपे दिग्दर्शित आणि गदिमांनी लिहिलेल्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) कफल्लक कलावंताला मुलीचा श्रीमंत बाप पैज घालतो: महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखव. शिकलेला, गुणी, पण खिसा रिकामा, असा तरुण त्या काळात घरोघरी होता. त्याला श्रीमंत होऊन दाखव असं न म्हणता खर्च करून दाखव म्हणणं, ही गदिमांची खोच. मुलीचं मत मात्र कथेत आधीच गृहीत धरलेलं आहे. ती वाट बघते. पैज पुरुषापुरुषांत लागते.

मग येते जागा. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मराठी प्रेमकथेला मुंबईतल्या घरभाड्याच्या कायद्याने जेवढं घडवलं, तेवढं क्वचितच एखाद्या कवीने घडवलं असेल.

‘मुंबईचा जावई’ आला १९७० साली, राजा ठाकूरांच्या दिग्दर्शनाखाली. त्यात लग्न जमण्याची गोष्ट नाहीच. लग्न रीतसर लागलेलं आहे, दोन्ही घरं खूश आहेत, सासू छळत नाही, नवरा प्रेमळ आहे. नवी नवरी मुंबईतल्या घरात येते आणि लक्षात येतं की नवराबायकोने दोन शब्द बोलावेत अशी जागाच घरात नाही. कुणी ना कुणी येतं, कुणी ना कुणी जागं असतं. बोलणं हळू आवाजात, बांगड्या वाजणार नाहीत अशा बेताने. धर्माने, समाजाने, आईबापाने सगळ्यांनी परवानगी दिली, आणि अडचण उरली ती चौरस फुटांची. खलनायक नाही असा हा सिनेमा आहे, आणि म्हणून त्यातलं हसू थोडं अवघडलेलं आहे. दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला.

ही खोली इतकी लहान का होती? मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि १९४८पासून लागू झाला. महायुद्धानंतरच्या महागाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा हेतू. भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरू वाचला, पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधण्यात मालकाला काही राम उरला नाही. जुन्या चाळींची डागडुजी थांबली आणि खोली हातात यायची तर पागडी मोजणं आलं. माणसं मात्र गिरण्यांकडे, गोदीकडे, कचेऱ्यांकडे येतच राहिली. म्हणून मुलाचं लग्न झालं तरी तो वेगळं घर करू शकत नव्हता. एकत्र कुटुंबाची थोरवी सांगणारे सिनेमे त्या काळात पुष्कळ निघाले. प्रत्यक्षात अनेकांचं कुटुंब एकत्र राहिलं ते दुसरी खोली परवडत नव्हती म्हणून. हे सत्य गंभीर सिनेमापेक्षा या हलक्याफुलक्या सिनेमाने जास्त स्पष्ट सांगितलं.

अठरा वर्षांनी, १९८८ साली, तीच अडचण दुसऱ्या टोकाने आली. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीसांनी लिहिलेला ‘अशी ही बनवाबनवी’ पुण्यात घडतो. खोली मिळत नाही म्हणून चौघांपैकी दोघं बायका होतात आणि दोन जोडपी बनून लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात भाडेकरू म्हणून शिरतात. मराठी घरात हा सिनेमा इतक्यांदा पाहिला जातो की त्याची गोष्ट सांगणं हा आगाऊपणा ठरेल. पण तो ज्या नियमावर उभा आहे तो बघा. चार सभ्य पुरुष भाडेकरू म्हणून नालायक आणि लग्न झालेली दोन जोडपी लायक. लग्न हे जणू जागेसाठी जोडायचं प्रमाणपत्र! हा नियम १९८८मध्ये कुरकुरत होता म्हणून आपण हसलो. आज एखाद्या सोसायटीत एकट्या मुलाला किंवा मुलीला फ्लॅट भाड्याने घ्यायचा असेल, तर तो नियम अजून मेलेला नाही हे पहिल्याच फोनवर कळतं. सिनेमा जुना का होत नाही, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

त्याचं कथाबीज १९५५च्या एका बंगाली सिनेमाचं, त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६मध्ये हिंदीत ‘बीवी और मकान’ केला आणि मग ते मराठीत आलं. तीन भाषा, तेहतीस वर्षं, आणि खोलीचा प्रश्न जिथल्या तिथे. नवं होतं ते एवढंच की अशोक सराफांचा धनंजय माने ज्या दुकानात नोकरी करतो, तिथली मालकीण माधुरी, म्हणजे अश्विनी भावे, हीच त्याची नायिका. तो तिला मॅडम म्हणतो आणि पगारही तिच्याकडून घेतो. यावर सिनेमा एकही भाषण देत नाही. विनोदी सिनेमात एखादा बदल बोलल्याशिवाय निघून गेला, की समजावं, प्रेक्षकांनी तो बाहेर केव्हाच पचवला आहे.

तो पचवायला सुरुवात झाली होती सत्तरच्या दशकात. एलआयसी, राष्ट्रीयीकृत बँका, सरकारी आणि खासगी कचेऱ्या यांतून मुंबईत पगारदार मुलींची एक पिढी तयार झाली. बसच्या रांगेत आणि लोकलमध्ये स्त्रीपुरुष रोज समोरासमोर यायला लागले. प्रेमाला बाग लागायची, आता बसस्टॉप पुरायला लागला. अमोल पालेकरांचा बुजरा कारकून आणि विद्या सिन्हांची साधी साडी नेसलेली नोकरदार मुलगी ही जोडी या रांगेतूनच आली. बासू चटर्जींच्या ‘रजनीगंधा’मध्ये (१९७४) दीपा दोन पुरुषांमध्ये अडकते: दिल्लीतला सध्याचा प्रियकर आणि मुलाखतीसाठी मुंबईला आल्यावर भेटलेला जुना. कथा मूळ मन्नू भंडारींची. यात अडचण म्हणून ना बाप आहे ना सावकार. दीपाला स्वतःलाच ठरवता येत नाही आणि सिनेमा तिला चंचल म्हणून हिणवत नाही. १८९९मध्ये मुलीची इच्छा हे मांडव थांबवायला पुरेसं कारण नव्हतं. १९७४मध्ये तीच अख्खी गोष्ट झाली.

याच काळातल्या ‘छोटी सी बात’मध्ये पालेकरांचा अरुण प्रभाच्या मागोमाग बसस्टॉपपासून तिच्या कचेरीपर्यंत जातो आणि तिला जिंकण्याची शिकवणी घ्यायला खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे पोहोचतो. आमच्या आधीच्या पिढीला तो गोड वाटला, मलाही वाटला. आता वीस-बावीस वर्षांच्या मुलींसोबत तो सिनेमा बघून पाहा. पहिल्या दहा मिनिटांत ‘हा तिचा पाठलाग का करतोय?’ असा प्रश्न येतो. २०१३च्या दुरुस्तीने पाठलाग करणं हा फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला. सिनेमा तिथेच राहिला, हसण्याची जागा सरकली. अरुण मुळात भित्रा आणि सज्जन आहे म्हणून त्याला सूट द्यावी की नाही, यावर घरात मस्त वाद होतो. माझं मत विचाराल तर थोडी द्यावी.

हे सगळं शहरी आणि पांढरपेशी झालं. त्याच काळात दादा कोंडके ‘सोंगाड्या’पासून (१९७१) गावच्या जत्रेतला तमाशाचा विनोद पडद्यावर आणत होते आणि एकामागून एक सिनेमे रौप्यमहोत्सव करत होते. शहरी समीक्षकांना त्यांचे द्व्यर्थी संवाद खटकले. पण त्यांच्या सिनेमात भोळा, घाबरट असतो तो पुरुष, आणि उषा चव्हाणांची नायिका आपल्या मनातलं उघड बोलते. नऊवारी नेसलेली बाई इच्छा बोलून दाखवते हे मध्यमवर्गाला अश्लील वाटलं, हिंदीतल्या पाश्चात्त्य कपड्यांतल्या नायिकेचं तेवढं वाटलं नाही. कुणाच्या तोंडून काय शोभतं, याचा हिशेब त्यात आपोआप होतो.

आणि बदल सरळ रेषेत पुढे जातो असंही समजू नका. महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ (१९८५) १९६४च्या एका तमिळ सिनेमावरून बेतलेला. त्यामुळे त्यात पुन्हा गर्भश्रीमंत बाप आणि त्याला बनवणारी पोरं आली. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या टायमिंगपुढे तक्रार करायला तोंड उघडत नाही. पण ऐंशीच्या दशकातल्या या लाटेत बहुतेक नायिका गाण्यापुरत्या उरल्या. दीपाने मिळवलेली जागा दहा वर्षांत गेली. टीव्ही घरोघरी येत होता, थिएटरकडे कुटुंब ओढायचं तर पोट धरून हसवणं भाग होतं, आणि तेव्हाच्या हिशेबात हसवायचं काम पुरुषांचं होतं.

नायिका परत आली ती २०१०मध्ये, एक्स्प्रेसवेवरून. सतीश राजवाडेंच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये मुक्ता बर्वेची मुंबईकर मुलगी पुण्याला येते ती मुलगा बघायला नाही, त्याला नकार द्यायला. वाटेत एक अनोळखी पुणेकर भेटतो, स्वप्नील जोशी, आणि दिवसभर दोघं शहरावरून, माणसांवरून, सगळ्यावरून वाद घालत फिरतात. दोन पात्रं, एक दिवस, आणि आईबाप जवळजवळ पडद्याबाहेर. कांदेपोह्यांचा कार्यक्रम मोडीत निघालेला नाही, फक्त ताट उलटं फिरलं आहे. पसंत करण्याचा आणि नाकारण्याचा हक्क आता तिच्याकडेही आहे. या मालिकेचे पुढचे भाग पाहिले तर अडचणींची सरकती रांगच दिसते. दुसऱ्या भागात (२०१५) घरच्यांचा होकार असूनही लग्नाच्या तोंडावर तिच्या मनात शंका. तिसऱ्यात (२०१८) न ठरवता राहिलेली गरोदर अवस्था आणि ‘आत्ता मूल हवं का’ हा प्रश्न. पूर्वी अंतरपाट दूर झाला की पाटी झळकायची, ‘समाप्त’. आता लग्नानंतरही गोष्ट चालू राहते, कारण लग्न झालं म्हणजे सगळं मिटलं असं प्रेक्षक मानत नाही.

कायदा आणि विनोद यांच्यात किती अंतर पडतं, याचा एक नमुना. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने आली. राजवाडेंच्याच ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये (२०१३) अतुल कुलकर्णी आणि सागरिका घाटगे या दोघांचीही पहिली लग्नं मोडलेली आहेत, त्यांची ओळख समुपदेशकाच्या दारात होते, आणि सिनेमा हलकाफुलका आहे. मध्ये गेली सदतीस वर्षं. घटस्फोटितेचं रडणं पडद्यावर त्याआधीही होतं. तिचं पुन्हा प्रेमात पडणं हसत बघायला प्रेक्षागृहातल्या प्रत्येक रांगेत एखादा तरी नातेवाईक तसा असावा लागला.

मग वेग वाढला. २०१७ या एकाच वर्षात दोन सिनेमे आले. परेश मोकाशींच्या ‘चि. व चि. सौ. कां.’मध्ये प्राण्यांची डॉक्टर असलेली सावित्री स्थळ पसंत करण्याआधी अट घालते, की आधी काही दिवस एकत्र राहून बघू. पत्रिकेवरचं पारंपरिक संबोधन शीर्षकाला आणि आत लिव्ह-इन, हा खोडसाळपणा मुद्दाम केलेला. अटीसाठी दोन्ही घरांना राजी केलं जातं, पळून कुणी जात नाही. वरुण नार्वेकरांच्या ‘मुरांबा’मध्ये अलोक आणि इंदूचं नातं तुटतं, आणि ते ऐकून अलोकचे आईबाप हबकतात. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांचे हे आईबाप एका दिवसात त्याला बोलतं करतात, तेव्हा कारण बाहेर येतं: इंदू कामात त्याच्यापुढे निघाली आणि ते त्याला झेपलं नाही. आधी आईबाप जुळू देत नव्हते, आता मोडू देत नाहीत! बापाच्या जागी मध्ये उभा राहिला तो मुलाचा अहंकार. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं मराठी घरांचं सगळ्यात प्रामाणिक चित्र यात आहे.

पण या यादीत एक अडचण दिसत नाही, आणि ती न दिसणं हाच मोठा पुरावा आहे. जात. मराठी रोमकॉममधली आडनावं एकदा लिहून काढा. मुंबई-पुण्याच्या सिनेमात गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान. दोघं दिवसभर सगळ्या फरकांवर भांडतात, पण ते फरक शहरांचे आहेत. शहर हा हसून मिटणारा फरक, म्हणून तो विनोदाला चालतो. २०१२च्या सुमारास झालेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास निघालं. इतका घट्ट नियम विनोदाला पेलत नाही, मग सिनेमा त्याला दुसरे कपडे घालतो. रवी जाधवांच्या ‘टाइमपास’मध्ये (२०१४) रिक्षावाल्याचा मुलगा दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. दगडूच्या भाषेवर, केसांवर, कपड्यांवर आणि लेल्यांच्या नाकावर भरपूर विनोद होतात. सगळं वर्गाच्या आणि उच्चारांच्या भाषेत चालतं, आणि नेमकं काय चाललंय हे थिएटरमधल्या शेवटच्या रांगेलाही कळतं.

हे कपडे नागराज मंजुळेंनी २०१६मध्ये उतरवले. ‘सैराट’ची मध्यंतरापर्यंतची मांडणी पाहा. क्रिकेटचे सामने, मित्रांची टर, चिठ्ठ्या, विहिरीत पोहणाऱ्या आर्चीच्या समोर पडलेली परश्याची उडी, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची बिनधास्त पोर. ही शब्दशः रोमकॉमची सामग्री आहे आणि तशीच वापरली आहे. किशोरीनंतर इतक्या मोकळेपणी पुढाकार घेणारी नायिका मराठी पडद्यावर क्वचितच आली. प्रेक्षक शिट्ट्या वाजवत होते, नाचत होते. मग गाणी थांबतात आणि तोच सिनेमा हैदराबादच्या वस्तीत जाऊन संसार कसा उभा राहतो ते दाखवत शेवटाकडे नेतो. तो शेवट ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. मंजुळेंनी रोमकॉमचा करार मोडला: पूर्वार्धात ज्या नियमावर आपण हसलो, तो कुरकुरत नव्हता, शाबूत होता. करमाळ्याच्या मातीतल्या त्या गोष्टीत मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाला विनोदी सिनेमाचा शेवट मिळणं शक्य नव्हतं. पुढची चार-पाच वर्षं मराठीत गोड प्रेमकथा लिहिणाऱ्याला त्या शेवटाकडे दुर्लक्ष करूनच लिहावं लागलं असणार.

आत्ताची ताजी अडचण शहरात सापडणार नाही. ती गावात आहे आणि पहिल्यांदाच मुलाच्या वाट्याला आली आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. शिकलेल्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांना नोकरीवाला, शक्यतो पुण्यात फ्लॅट असलेला जावई हवा. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले आणि बायको मिळवून द्या अशी मागणी केली. कुणा पटकथालेखकाने हे लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून कापलं गेलं असतं. २०२४मध्ये ‘नवरदेव बीएस्सी अॅग्री’ हा याच दुखण्यावरचा सिनेमाही आला.

या गोष्टीत मुलीकडची मंडळी हावरट दाखवणं सोपं आहे आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे विनोद तेच करतात. पण अडचण खरोखर कुणी उभी केली हे शोधायचं तर जनगणना उघडावी लागते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. सोलापुरात घोड्यावर बसलेले बरेचसे नवरदेव याच घसरणीच्या काळात जन्मलेले. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यांच्या आधी केला, १९८८ साली. त्याच साली आपण दोन पुरुषांना साडी नेसून खोली मिळवताना बघून हसत होतो. पस्तीस वर्षांनी त्याच राज्यात नवरा आहे, शेत आहे, दोन मजली घरही आहे, आणि सोनोग्राफीच्या खोलीत नाकारली गेलेली मुलगी कुठल्याच पटकथेत नाही. तिच्याबद्दल विनोदी सिनेमा अजून कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि ‘मुलगाच हवा’ हा नियम कुरकुरायला लागला आहे असं आकडे तरी सांगत नाहीत.